आर्लिस हॉगलंडची हिरवी भिंत

घर झाडायला बाई यायची असली की ती येण्याआधी आर्लिस हॉगलंड सगळं घर स्वतः झाडून-पुसून घ्यायची. नवरा मर्ल विचारायचा, "अगं, मग ती येऊन काय करणार?" आर्लिस म्हणायची, "आणि हा पसारा बघून ती काय म्हणेल?" मग बाई यायची, दोघी स्वयंपाकघरात कॉफी पीत बसायच्या, बाई थोडा वेळ उगाच इकडचं तिकडे केल्यासारखं करायची आणि आर्लिस तिला पूर्ण पैसे देऊन वर लिंबाच्या वड्याही बांधून द्यायची. आमच्या आयोवात अशा बायका चर्चच्या प्रत्येक बाकावर दोन सापडतील. पण आर्लिसनं हा स्वभाव नोकरीवरही नेला, आणि तिथं तो तिला महागात पडला.

नोकरी डे मॉइनमधल्या एका विमा कंपनीत होती. मका आणि सोयाबीनचा गारपिटीचा विमा उतरवणारी जुनी कंपनी. नाव सांगत नाही, वकील लोक आजकाल रिकामेच बसलेले असतात. कंपनीचा सगळा संसार एका मेनफ्रेमवर चालायचा. मेनफ्रेम म्हणजे तळघरातलं कपाटाएवढं काळं यंत्र. पॉलिसी, हप्ते, नुकसानीचे दावे, पत्रांची छपाई, सगळं त्याच्या पोटात. आणि शेजारच्या खोलीत बसून त्या यंत्राची तब्येत बघणं हे आर्लिसचं काम.

बघायचं ते एका मॉनिटरवर. पूर्वी तो टेबलावर मावायचा, पुढे कंपनीनं भिंतभर पडदा लावला, तेव्हापासून सगळे त्याला नुसतं 'भिंत' म्हणायचे. भिंतीवर चौकोनच चौकोन. काही चौकोन सेवांचे होते: दाव्यांची सेवा चालू आहे का, डेटाबेस जागा आहे का, छपाई सुरू आहे का. काही साधनांचे होते: प्रोसेसरवर किती ताण आहे, छपाईच्या रांगेत किती जागा उरली आहे. सगळं ठीक असेल तर चौकोन हिरवा, बिघडायच्या बेतात असेल तर पिवळा, न सांगता बंदच पडलं तर लाल. लाल झाला की भिंत आपण होऊन वरच्या साहेबांना मेल धाडायची आणि त्या बिघाडाची कायमची नोंद करून ठेवायची. पिवळ्याचं तसं नव्हतं. पिवळा आला काय आणि गेला काय, खोलीबाहेर कुणाला पत्ता लागायचा नाही.

आर्लिसची सगळी नोकरी या पिवळ्यात गेली. "पिवळं घरातलं, लाल चव्हाट्यावरचं," असं ती म्हणायची. चौकोन पिवळा झाला रे झाला की तिचे हात शिवशिवायला लागायचे. हातातला डबा बाजूला, दोन-चार आज्ञा टाइप करायच्या, अडकलेलं काम मोकळं करायचं, रांगेतला जुना कचरा उपसायचा, की चौकोन पुन्हा हिरवा. मग ती डब्याकडे वळायची आणि झाल्या गोष्टीबद्दल ब्रही काढायची नाही. एखादी सेवा बंद करून नव्यानं सुरू करावीच लागली तर ती जेवणाच्या सुट्टीत, लोक जागेवर नसताना करायची. उगाच कशाला कुणाला त्रास.

विम्याची गणितं मांडणाऱ्या खात्यात गॅरी नावाचा माणूस होता. त्याचा एक प्रोग्रॅम दर महिनाअखेरीला स्वतःभोवती गरगर फिरायला लागायचा आणि सगळा प्रोसेसर खाऊन टाकायचा. दुसऱ्या कुणी तो सरळ बंद करून गॅरीच्या साहेबाला कळवलं असतं. आर्लिस फोन करायची.

"गॅरी, घाई काही नाही हं. सवडीनं बघितलंस तरी चालेल. तुझा प्रोग्रॅम जरा फिरत राहिलाय असं वाटतंय. माझंच चुकत असेल."

हे बोलता बोलता दुसऱ्या हातानं तिनं त्या प्रोग्रॅमला रांगेच्या शेवटी नेऊन बसवलेलं असायचं. आपण दर महिन्याला कंपनी बुडवायला निघतो, हे गॅरीला निवृत्त होईपर्यंत कळलं नाही. आर्लिसला घरी बोलायला कुणी नसावं, म्हणून ती आपल्याला फोन करते, अशी त्याची समजूत होती, आणि त्याला तिची थोडी दयाही यायची.

खोलीत तिच्याबरोबर ड्वेन कुप्का होता. सीडर रॅपिड्स गावातल्या चेक वंशाच्या लोकांतला, जाडजूड, फाटक्या तोंडाचा. आर्लिसच्या भिंतीचा त्याला अभिमान होता आणि रागही.

"आर्लिस, तुझ्या अंगाला आग लागली तरी तू आधी पडदे ओढून घेशील," तो म्हणायचा.

"लोक बघतात, ड्वेन."

"बघू दे की. त्यातला एखादा पाणी तरी आणेल."

असं सगळं छान चाललं होतं. मग आमची कंपनी आणि लिंकनची एक कंपनी एकत्र आल्या. लिंकन म्हणजे शेजारचं नेब्रास्का राज्य, आणि फुटबॉलमुळे आमचं त्यांच्याशी आधीपासूनच विळ्या-भोपळ्याचं. त्यांचंही एक मेनफ्रेम, त्यांचीही एक खोली, तिथंही एक भिंत. नव्या कंपनीचा नवा उपाध्यक्ष डॅलसहून आला, ब्रेंट टिलटसन. दात फार पांढरे. त्यानं सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलं की दोन्ही यंत्रं राहतील, पण त्यांच्यावर नजर ठेवायला दोन खोल्या कशाला? एक राहील. कोणती, ते उन्हाळ्याच्या अखेरीस ठरेल, आणि ते वशिल्यानं ठरणार नाही, भिंतींवरच्या नोंदी बघून ठरेल.

आर्लिस त्या दिवशी घरी जाताना गाडीत गुणगुणत होती. नोंदी बघायच्या तर आपल्याला कसली भीती? आपल्या भिंतीवर वर्षानुवर्षं लाल लागलेलं नाही. साठीला आलेल्या बाईला डे मॉइनमध्ये दुसरीकडे हे काम मिळणार नव्हतं, हे तिला माहीत होतं. मर्लच्या गुडघ्यांनी कधीच संप पुकारला होता आणि घरात औषधपाण्याचा विमा होता तो तिच्या नोकरीमुळेच. पण खरं सांगायचं तर विम्यापेक्षाही तिला ती खोली हवी होती. त्या खोलीत वाटे तितकं शहाणं तिला जगात कुठंच वाटायचं नाही.

ओळख करून घ्यायला म्हणून ड्वेनला चार दिवस लिंकनला धाडलं. तो परत आला तो गप्पगप्प. त्यानं कोट काढला, कॉफी ओतली आणि म्हणाला, "आपण मेलो."

"का? त्यांची भिंत इतकी चांगली आहे?"

"चांगली? अगं, गोवर झालेल्या पोरासारखी आहे. सकाळी लाल, दुपारी लाल. आणि त्यांना त्याचं काही नाही. लाल झालं की तो रँडी विकर्ट खुर्चीवरून उठतो आणि बाह्या सरसावतो. तीस लोकांना फोनवर घेतात. पिझ्झा मागवतात. मग दोन तास आरडाओरडा करून सेवा सुरू करतात, आणि वर सगळ्या कंपनीला मेल जातो, आमच्या बहाद्दरांचे आभार. खाली नावं. टिलटसनला त्या प्रत्येकाचं नाव पाठ आहे. रँडीच्या मुलीचं लग्न कधी आहे तेसुद्धा माहीत आहे त्याला."

"आणि आपली नावं?"

"मला परवा तो लिफ्टमध्ये भेटला. म्हणाला, एसी नीट झाला का. त्याला वाटतं मी एसीवाला आहे."

आर्लिस हसली. "नोंदी बघणार आहेत, ड्वेन. मेल नाही."

"नोंदीत आपलं काय आहे?"

"काहीच नाही," आर्लिस अभिमानानं म्हणाली.

"तेच तर म्हणतोय मी," ड्वेन म्हणाला.

तिला ते पटलं नाही, पण डोक्यातून गेलंही नाही. जूनमध्ये टिलटसनची डे मॉइनची खोली बघायची दुपार ठरली. नेमकी दोन दिवस आधी बून आणि स्टोरी या दोन जवळच्या काउंटींत अंड्याएवढ्या गारा पडून गेल्या. उभा मका चिंध्या होऊन पडला होता आणि दाव्यांचा नुसता पूर आला होता. प्रत्येक दाव्याला एक पत्र छापायचं, आणि छपाईची रांग तुंबायला लागलेली. सकाळी कामावर आल्या आल्या ड्वेननं खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"आज दुपारी रांग पिवळी होणार. होणारच. तू हात लावायचा नाहीस."

"आणि लाल झाली तर?"

"होऊ दे. त्याच्या डोळ्यांदेखत होऊ दे. पाच मिनिटं. मग तू उठ, त्याच्यासमोर तिला ताळ्यावर आण. कुणाचं एक पत्रसुद्धा हरवणार नाही. फार तर पाच मिनिटं उशिरा छापलं जाईल. त्याला दिसू तरी दे की या खोलीत माणसं राहतात."

"हे नाटक झालं."

"नाटक तू करतेस, आर्लिस. काही घडतच नाही असं दाखवायचं नाटक. इतकी वर्षं. मी फक्त एक दिवस पडदा उघडा ठेव म्हणतोय."

हे तिला लागलं. ती पाद्र्याची मुलगी होती, खोटं बोलणं तिला जमत नसे, आणि आपण रोज एक प्रकारचं खोटंच बोलत आलो हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. तिनं रांगेचा चौकोन एकदा बघून घेतला. मग म्हणाली, "बरं. नाही लावत हात." ड्वेननं तिच्याकडून ते दोनदा वदवून घेतलं.

पाहुणा येणार म्हणजे आमच्याकडे प्रत्येकानं घरून एकेक पदार्थ आणायचा. आर्लिसनं भट्टीत भाजलेलं मक्याचं कॅसरोल आणि लिंबाच्या वड्या आणल्या होत्या, ड्वेननं कोलाचे, म्हणजे जर्दाळूचा मुरंबा भरलेले चेक गोड बन. वरच्या मजल्यावरचेही चार लोक वासानं खाली आले. टिलटसन आला, सगळ्यांशी हात मिळवले, बशी भरून घेतली. ताटात शेवटची एक वडी उरली. ती कुणी घेत नाही, हे आमच्या माणसांच्या रक्तातच असतं. एकानं अर्धी कापली, पुढच्यानं अर्ध्यातली अर्धी. नखाएवढा तुकडा उरेपर्यंत हे चालायचं आणि शेवटी तो फॉइलमध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये जायचा. टिलटसननं तो उरलेला पाव तुकडा उचलला आणि बोलता बोलता तोंडात टाकला. एकानं हातातलं फॉइल खाली ठेवलं. वरच्या मजल्यावरच्या एका बाईनं तर नजर दुसरीकडे वळवली.

तेवढ्यात छपाईच्या रांगेचा चौकोन पिवळा झाला.

आर्लिसला तो पाठीनंसुद्धा दिसला असता. तिनं दोन्ही हात मांड्यांखाली घेतले. टिलटसन डॅलसच्या उकाड्याबद्दल सांगत होता. रांग भरत होती. चौकोनातला आकडा पुढे सरकत होता आणि लालला फारसं अंतर उरलं नव्हतं. ड्वेन एकटक तिच्याकडे बघत होता, कुत्र्याला 'बस' म्हणून सांगितल्यावर मालक बघतो तसा.

"ते पिवळं काय आहे?" टिलटसननं विचारलं.

इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. उत्तर तिच्याजवळ होतं, चांगलं तासभर पुरेल एवढं होतं. ड्वेननं खुर्चीतून पुढे वाकून मान हलवली, सांग, सांग.

"काही नाही हो," आर्लिस म्हणाली. "होतं कधीकधी असं. तुम्ही कॅसरोल घेतलंच नाहीत की."

आणि ती उठली. कॉफी आणते म्हणाली. कॉफीचं भांडं उजवीकडे होतं, ती डावीकडून गेली. टेबलापाशी वाकून तिनं मागच्या महिन्याचे पडून राहिलेले अहवाल रांगेतून उडवले, रुसून बसलेली छपाईची सेवा बंद करून पुन्हा सुरू केली आणि एक ढेकूळ निघून पाटाचं पाणी वाहावं तशी पत्रं पुढे सरकली. कुणी मान वळवायच्या आत चौकोन हिरवा. मग तिनं खरोखरच कॉफी आणली.

टिलटसननं भिंतीकडे एक नजर टाकली. "गारपिटीच्या आठवड्यातसुद्धा सगळं हिरवं. हे यंत्र म्हणजे कमाल आहे."

"चांगलं यंत्र आहे," आर्लिस म्हणाली. ड्वेन कोलाच्याकडे बघत बसला. त्या दिवशी तो तिच्याशी पुढे एक अक्षर बोलला नाही, आणि आमच्या भागात याला कडाक्याचं भांडण म्हणतात.

निर्णय ऑगस्टमध्ये आला, आयोवाच्या मोठ्या जत्रेच्या आठवड्यात. टिलटसननं स्वतः खाली येऊन सांगितला, तेवढं त्याच्या पदरात टाकलं पाहिजे. डे मॉइनच्या यंत्रणेच्या नोंदी त्यानं आजवर पाहिलेल्या सगळ्यांत उत्तम होत्या, असं तो म्हणाला. इतकी वर्षं आणि एकही बिघाड नाही. उलट लिंकनचं यंत्र सतत आजारी, तिथं अनुभवी माणसं हवीतच. जे यंत्र आपलं आपण चालतं, त्याच्याशेजारी दोन माणसं बसवणं हा त्या माणसांचाच अपमान आहे. तेव्हा लिंकनचे लोकच जाता-येता डे मॉइनच्या भिंतीवर नजर टाकत जातील. मग त्यानं दोघांच्याही खांद्यावर कौतुकाची थाप मारली.

आर्लिस "थँक्यू" म्हणाली. खरंच म्हणाली. ड्वेननं ती गोष्ट तिला जन्मभर ऐकवली.

काम समजावून घ्यायला रँडी विकर्ट आला. माणूस वाईट नव्हता. मोठ्या आवाजाचा, पण वाईट नव्हता. त्यानं विचारलं, "पिवळं झालं की तुम्ही काय करता?"

"तसं विशेष काही नाही," आर्लिस म्हणाली. "जरा लक्ष ठेवायचं."

"अगं, सांग त्याला," ड्वेन ओरडला. "गॅरीचं सांग. महिनाअखेरीचं सांग. कुठली सेवा कुठल्या आधी बंद करायची ते सांग."

"सांगतेय ना," आर्लिस म्हणाली, आणि तिनं सांगितलंही. पण सांगताना प्रत्येक वाक्यामागे 'तुम्हाला माहीत असेलच' असं जोडत गेली, आणि रँडीनं तिच्या शब्दावर विश्वास ठेवून अर्ध्या गोष्टी माहीत आहेत असंच धरलं. घरी जाताना ड्वेन म्हणाला, "तुला लाज कसली वाटते?" ती म्हणाली, "त्याला वाटलं असतं, आपण फुशारकी मारतोय." मग गाडीत बसून ती रडली. आवाज न करता, खिडकीची काच वर करून.

ड्वेनला शेतीच्या अवजारांच्या दुकानात काम मिळालं. तिथं विमा कंपनीतले लोक सुटे भाग घ्यायला यायचे, त्यांच्याकडून त्याला बातम्या कळायच्या आणि तो त्या चवीनं आर्लिसला फोन करून सांगायचा. पहिल्याच महिनाअखेरीला डे मॉइनची भिंत लालभडक झाली. गॅरी निवृत्त झाला होता, त्याचा प्रोग्रॅम मात्र कामावर रुजू होता. मग छपाई तुंबली. मग दाव्यांची सेवा दिवसभर आडवी झाली. रँडीनं बाह्या सरसावल्या, पिझ्झा आला, आभाराचे मेल गेले. आणि डे मॉइनचं यंत्र अचानक म्हातारं झालं असं ठरवून टिलटसननं लिंकनच्या खोलीत आणखी तीन जागा मंजूर केल्या.

"अर्ज कर," ड्वेन म्हणाला. "आणि देवाच्यान, या वेळी तोंड उघड."

लिंकनला जायचं तर भाड्याची खोली घेऊन आठवडाभर तिथं राहावं लागणार होतं. मर्ल म्हणाला, "जा. मी टीव्हीसमोर पडून राहीन, तू असतानाही तेच करतो." तिनं अर्ज केला. मुलाखतीच्या दिवशी ती पहाटेच निघाली, सगळी वाटभर गाडीत मोठ्यानं बोलत गेली. मी केलं. मी थांबवलं. मी नसते तर. सुरुवातीला तिला स्वतःच्याच आवाजाची लाज वाटत होती, वाटेतलं ओमाहा शहर ओलांडेपर्यंत थोडी सवय झाली.

टेबलापलीकडे रँडी होता आणि भरतीखात्यातली एक तरतरीत बाई. रँडीनं तिला बघून उठून हात मिळवला. ती हवी होती त्याला, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. दीड महिना तो नीट झोपला नव्हता.

"तुम्ही हाताळलेला एखादा मोठा बिघाड सांगा," बाई म्हणाली.

आर्लिसनं श्वास घेतला आणि तिनं सांगितलं. गारपिटीच्या आठवड्यातली ती दुपार, भरत गेलेली रांग, कुठले अहवाल आधी काढले आणि छपाईची सेवा का पुन्हा सुरू केली. 'मी' हा शब्द तिनं चार-पाच वेळा वापरला. बोलताना तिचे कान लाल झाले होते, पण ती थांबली नाही. रँडी पुढे सरकून ऐकत होता.

"छान," बाई म्हणाली आणि तिनं आपल्या संगणकात बघितलं. "पण त्या तारखेला इथं काहीच दिसत नाही. लाल किती वेळ होतं?"

"लाल झालं नाही. त्याच्या आधीच मी..."

"बरं, मग दुसरा एखादा सांगा. लाल झालेला."

"तसं आमच्याकडे होऊच द्यायचो नाही आम्ही," आर्लिस म्हणाली. "ते पिवळं असतानाच."

"हो, पण इथं प्रत्यक्ष बिघाड हाताळल्याचा अनुभव मागितलाय ना," बाई समजुतीच्या सुरात म्हणाली. तिचं काही चुकत नव्हतं. तिच्यासमोर इतक्या वर्षांच्या नोंदी होत्या आणि त्या कोऱ्या होत्या.

"आर्लिस," रँडी जवळजवळ विनवणीनं म्हणाला, "आठवून बघा. एकदा तरी काहीतरी बंद पडलं असेल की."

आर्लिसनं मनापासून आठवून बघितलं. एवढ्या वर्षांत एकदाही, कुणाचंही, काहीही.

"नाही," ती म्हणाली. "तसं काही घडलंच नाही."